दोन अंधारांमधले चौतीस तास

३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताची वीज गेली. त्याच दिवशी दुपारी चारपर्यंत ती पूर्ववत झाली. ३१ जुलैला दुपारी एक वाजता ती पुन्हा गेली आणि या वेळी उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारताचीही गेली. साठ कोटींहून अधिक माणसे राहतात तेवढ्या प्रदेशाचा पुरवठा एका झटक्यात बंद पडला. एवढ्या मोठ्या लोकसंख्येची वीज एकाच वेळी जाण्याची वेळ तोवर जगात कुठेच आली नव्हती.

पहिल्या घटनेला अपघात म्हणता येईल. दुसरीला तसे म्हणता येत नाही. दोन्ही वेळा सुरुवात एकाच वाहिनीवर आणि एकाच प्रकारे झाली, आणि दोन्हींच्या मध्ये चौतीस तासांहून अधिक वेळ हातात होता. त्या वेळेचा हा हिशेब आहे.

रविवार, २९ जुलै : दिवसभर

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. जुलै संपत आला तरी देशभरात सरासरीपेक्षा सुमारे एक पंचमांश पाऊस कमी होता. पंजाब-हरियाणात भाताच्या शेतांना पाणी हवे होते आणि ते आभाळातून येत नसल्याने कूपनलिकांवरचे पंप चालत होते. शहरांत उकाड्याने जीव नकोसा केला होता. पंखे, कूलर, वातानुकूलन यंत्रे रात्रीसुद्धा थांबत नव्हती.

पश्चिमेकडे चित्र वेगळे होते. तिथे पावसाने विजेची मागणी उतरली होती आणि केंद्रे मात्र जोमाने चालू होती. म्हणजे वीज पश्चिमेत जास्त होती आणि गरज उत्तरेत होती.

देशाची स्थापित क्षमता तेव्हा सुमारे २ लाख ५ हजार मेगावॉट होती. तिच्यातला निम्म्याहून मोठा वाटा कोळशाचा. सिंगरौली, रिहंद, विंध्याचल, कोरबा, तालचेर, फरक्का, चंद्रपूर ही सगळी कोळशाच्या खाणींजवळ किंवा कोळसा सहज पोचेल अशा जागी उभारलेली औष्णिक केंद्रे. साधारण एक पंचमांश क्षमता जलविद्युतची : भाक्रा, टिहरी, सतलजवरचे नाथपा झाकरी, आपल्याकडचे कोयना. अणुऊर्जा जेमतेम ४,८०० मेगावॉट, तारापूर, रावतभाटा, नरोरा अशा ठिकाणी विखुरलेली. बाकी वायू, पवनचक्क्या आणि तेव्हा नुकतीच पावले टाकू लागलेली सौरऊर्जा.

कोळसा पूर्वेला आणि मध्य भारतात, पाण्याचा जोर हिमालयात, वायूच्या वाहिन्या पश्चिमेत, आणि माणसे सगळीकडे. म्हणून या देशात वीज निर्माण करण्याइतकेच ती वाहून नेणे महत्त्वाचे ठरते. पूर्व आणि ईशान्य विभाग १९९१ मध्ये जोडले गेले, २००३ मध्ये पश्चिम विभाग त्यांना मिळाला आणि ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर विभाग. दक्षिण तेवढी वेगळ्या लयीत चालत होती. तिच्याशी वीज देवाणघेवाण होई ती उच्चदाब एकदिश प्रवाहाच्या दुव्यांतून.

जोडलेल्या चार विभागांतले प्रत्येक जनित्र एकाच फ्रिक्वेन्सीने फिरत होते : सेकंदाला ५० आवर्तने. मोठ्या औष्णिक संचाचे टर्बाइन त्यासाठी मिनिटाला ३,००० फेरे घेते. शेकडो माणसांची लेझीम एकाच हलगीच्या ठेक्यावर चालावी, तसे गुजरातच्या किनाऱ्यावरचे यंत्र आणि आसामातले यंत्र एका ठेक्याला बांधलेले असते. ठेका टिकला तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो. तो सुटला तर सगळ्यांचीच पावले चुकतात.

रविवारची मध्यरात्र : उरलेली एक वाट

पश्चिमेची वीज उत्तरेकडे नेणारा सर्वांत महत्त्वाचा मार्ग म्हणजे बिना-ग्वाल्हेर-आग्रा. त्यावर ४०० किलोव्होल्टच्या दोन वाहिन्या होत्या. त्यातली एक ठरवून बंद ठेवलेली होती. तिचा दाब ७६५ किलोव्होल्टपर्यंत वाढवण्याचे काम चालू होते. काम गरजेचेच होते. पण ते चालू असताना उत्तरेची मागणी शिगेला होती आणि दोन विभागांना जोडणाऱ्या इतरही काही वाहिन्या त्या वेळी सेवेत नव्हत्या. सगळा ओघ एका वाहिनीवर आला होता. एकटी ती १,००० मेगावॉटहून अधिक वीज वाहत होती.

धोका कोणाच्या लक्षात आला नव्हता, असे नाही. दिल्लीतले उत्तर विभागीय भारप्रेषण केंद्र, म्हणजे विभागातल्या विजेच्या ओघावर देखरेख ठेवणारा नियंत्रण कक्ष, राज्यांना सांगत होते की ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज उचलू नका. मुंबईतले पश्चिम विभागीय केंद्र आपल्या बाजूच्या राज्यांना सांगत होते की ठरल्यापेक्षा कमी वीज उचलता आहात, निर्मिती आवरा. सूचना जात होत्या. त्यांच्यावर व्हायला हवी तेवढी कारवाई होत नव्हती.

का होत नव्हती, याचे उत्तर तेव्हाच्या व्यवस्थेत होते. वेळापत्रकाबाहेर उचललेल्या विजेचा दर फ्रिक्वेन्सीवर ठरत असे. फ्रिक्वेन्सी घसरली की दर चढे आणि ती ५० च्या जवळ असली की तो फारसा बोचत नसे. राज्याच्या वीज मंडळापुढे दोनच पर्याय असत. एक, स्वतःच्या शेतकऱ्यांची आणि शहरांची वीज तोडून रोष ओढवून घ्यायचा. दोन, ग्रिडमधून थोडी जास्त उचलायची आणि नंतर पैसे भरायचे. प्रत्येकाला वाटे, आपल्या शंभर-दोनशे मेगावॉटने काय बिघडते? हे वाटणे एकाच रात्री अनेकांचे झाले.

सोमवार, ३० जुलै : पहाटे २ वाजून ३३ मिनिटे

उत्तरेची मागणी ३८,००० मेगावॉटच्या पुढे होती आणि तिथली केंद्रे ३२,६०० मेगावॉटच्या आसपास निर्माण करत होती. उरलेले साडेपाच हजारांहून अधिक मेगावॉट बाहेरून येत होते. फ्रिक्वेन्सी ४९.६८ हर्ट्झ होती, म्हणजे थोडी कमी, पण घाबरण्यासारखी नाही. फ्रिक्वेन्सीचा आकडा फक्त निर्मिती आणि मागणीचा मेळ सांगतो. कुठल्या वाहिनीवर किती ताण आहे, हे त्याच्यातून दिसत नाही.

बिना-ग्वाल्हेर वाहिनीवर संरक्षणासाठी बसवलेला डिस्टन्स रिले त्या क्षणी विजेचा दाब आणि प्रवाह मोजत होता. या रिलेचे काम असे : वाहिनीवर कुठे बिघाड झाला की दाब पडतो आणि प्रवाह उसळतो. दोन्हींच्या गुणोत्तरावरून रिले बिघाड किती लांब आहे हे ताडतो आणि वाहिनी तोडायचा हुकूम देतो. त्याच्या तिसऱ्या टप्प्याची नजर सर्वांत दूरवर असते. पुढच्या वाहिनीवरचा बिघाड तिथल्या रिलेने हाताळला नाही तर आपण हाताळावा, एवढ्यासाठी तो टप्पा ठेवलेला असतो.

त्या पहाटे वाहिनीवर कुठलाही बिघाड नव्हता. वीज पडली नव्हती, तार तुटली नव्हती, झाड कोसळले नव्हते. भार मात्र इतका होता की प्रवाह फार वाढला होता आणि दाब खाली आला होता. रिलेला हे चित्र दूरच्या बिघाडासारखे दिसले. त्याने वाहिनी तोडली.

पुढचे काही सेकंद

सरळ मार्ग बंद झाल्यावर लहान वाहिन्यांवर भार आला आणि त्या पेलू शकल्या नाहीत. आता पश्चिमेची वीज उत्तरेत पोचायला एकच वाट उरली : आधी पूर्वेला जायचे आणि तिथून वळसा घालून उत्तरेकडे यायचे. इतक्या लांबच्या वळशाने पश्चिमेची आणि उत्तरेची जनित्रे एका लयीत राहू शकली नाहीत. दोन्हींच्या मध्ये विजेचे हेलकावे सुरू झाले. पूर्व आणि उत्तर विभागांना जोडणाऱ्या वाहिन्यांवरच्या रिलेंनी ते हेलकावेही बिघाड समजून वाहिन्या तोडल्या. उत्तर भारत एकटा पडला आणि त्याच्याकडे हजारो मेगावॉटची तूट होती.

अशा वेळी ग्रिड वाचवणारी शेवटची तटबंदी असते. फ्रिक्वेन्सी ठरावीक मर्यादेखाली गेली, किंवा फार वेगाने घसरू लागली, की स्वयंचलित रिले काही भागांची वीज लगेच तोडतात. थोड्या लोकांना अंधारात ठेवून बाकीच्यांना वाचवायचे, हा त्यामागचा विचार. उत्तरेत अशा रिलेंमधून एका प्रकारे सुमारे ४,००० आणि दुसऱ्या प्रकारे आणखी सुमारे ६,००० मेगावॉट भार उतरेल, अशी रचना कागदोपत्री होती. तूट तेवढी मोठी नव्हती. ही रचना ठरल्याप्रमाणे चालली असती तर उत्तर भारताचा बराचसा भाग दिव्यांत राहिला असता. प्रत्यक्षात पुरेसा भार उतरला नाही. अनेक केंद्रांचे संचही फ्रिक्वेन्सी घसरताच आपणहून निर्मिती वाढवण्याच्या पद्धतीत चालवले जात नव्हते. फ्रिक्वेन्सी कोसळली आणि एकामागून एक संच स्वतःला वाचवण्यासाठी बाहेर पडले.

सुमारे ३६,००० मेगावॉट भार गेला. दिल्ली, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, राजस्थान, पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर आणि चंडीगड अंधारात बुडाले. बदरपूर आणि नरोरा यांच्यासारखी एखाद-दुसरी बेटे तेवढी तग धरून राहिली.

पहाटे ३ ते सकाळी ८

इतकी वीजकेंद्रे जागच्या जागी धडधाकट होती. मग ती लगेच चालू का झाली नाहीत, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

औष्णिक केंद्र स्वतःच विजेवर चालते. कोळसा दळणाऱ्या चक्क्या, बॉयलरला पाणी देणारे पंप, हवा फुंकणारे अजस्र पंखे या सगळ्यांना मिळून केंद्राच्या निर्मितीचा सहा ते आठ टक्के हिस्सा लागतो. केंद्र बंद पडले की ही सुरुवातीची वीज बाहेरून आणावी लागते. ती मिळाल्यावरही बॉयलर तापवून वाफ योग्य दाबाला यायला तास जातात. अणुभट्टीचे आणखी अवघड. ती बंद पडल्यावर थोड्या अवधीत परत चालवता आली नाही तर गाभ्यात न्यूट्रॉन शोषून घेणारा झेनॉन साचतो आणि तो ओसरेपर्यंत दीड-दोन दिवस वाट पाहावी लागते. लवकर उठतात ती दोनच प्रकारची केंद्रे : पाण्यावरची आणि वायूवरची. धरणाचे दार उघडले की पाण्याचा संच काही मिनिटांत फिरू लागतो.

म्हणून उत्तरेची उभारणी पाण्यापासून झाली. शेजारच्या पूर्व आणि पश्चिम विभागांतूनही वीज घेतली गेली. जलविद्युत केंद्रातून एक वाहिनी जागी करायची, तिच्यावरून औष्णिक केंद्राला सुरुवातीची वीज द्यायची, थोडा भार जोडायचा, फ्रिक्वेन्सी सावरायची, मग पुढची वाहिनी. घाई केली तर उभे केलेले पुन्हा कोसळते. त्या पहाटे नियंत्रण कक्षांत आणि उपकेंद्रांत बसलेल्या माणसांनी हे काम शांत डोक्याने केले, याची नोंद घेतलीच पाहिजे. सकाळी आठच्या सुमारास रेल्वे, मेट्रो आणि विमानतळ अशा अत्यावश्यक ठिकाणांची वीज बहुतांशी परतली होती.

सोमवार दुपारी ४

उत्तर ग्रिड पूर्ववत झाले. साडेतेरा तास लागले. केंद्रीय ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी चौकशी समितीची घोषणा केली. उत्तरेचे ग्रिड याआधी २ जानेवारी २००१ रोजी असेच कोसळले होते. त्यानंतरची ही पहिली मोठी घटना, असे सांगितले गेले. वीज परत आल्यामुळे सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सोमवार दुपारी ४ ते मंगळवार दुपारी १ : वाया गेलेले एकवीस तास

माझ्या मते या घटनाक्रमातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे आणि त्यात कुठलीच वाहिनी तुटली नाही.

या एकवीस तासांत काय माहीत होते? बिना-ग्वाल्हेर ही कमकुवत कडी आहे, हे माहीत होते. तिची जोडीदार वाहिनी अजून बंद आहे, हे माहीत होते. उत्तरेतली राज्ये ठरल्यापेक्षा जास्त उचलत आहेत आणि पश्चिमेतली कमी, हेही माहीत होते. आदल्या पहाटे भार उतरवणारे स्वयंचलित रिले कामाला आले नाहीत, हे तर सगळ्या उत्तर भारताने अनुभवले होते.

करता येण्यासारखे काय होते? त्या एका मार्गावरून किती वीज जाऊ द्यायची याची मर्यादा कडकपणे पाळता आली असती. मर्यादा ओलांडणाऱ्या राज्याचा पुरवठा त्या-त्या वाहिनीवरून तोडता आला असता. पश्चिमेतली निर्मिती कमी करायला लावता आली असती. रिलेचा तिसरा टप्पा जड भारालाही बिघाड समजतो, हे लक्षात घेऊन त्याची मांडणी तपासता आली असती.

काही हजार मेगावॉटचे भारनियमन त्या दुपारी झाले असते तर लोक चिडले असते, मोर्चे निघाले असते, वर्तमानपत्रांत टीका झाली असती. त्यापलीकडे काही झाले नसते. ते टाळले गेले. भारप्रेषण केंद्रांच्या सूचना जात राहिल्या आणि त्या पाळल्या जात नव्हत्या. अवज्ञा करणाऱ्याला त्याच क्षणी थांबवण्याचे बळ सूचना देणाऱ्याच्या हाती व्यवहारात नव्हते.

मंगळवार, ३१ जुलै : दुपारी १

फ्रिक्वेन्सी ४९.८४ हर्ट्झ होती, आदल्या पहाटेपेक्षा चांगली. उत्तरेची मागणी ३४,००० मेगावॉटच्या जवळ, तिथली निर्मिती ३०,००० च्या जवळ, आणि सुमारे ४,००० मेगावॉट बाहेरून. आकडे आदल्या दिवशीपेक्षा सौम्य दिसत होते.

एक वाजून १३ सेकंदांच्या सुमारास बिना-ग्वाल्हेर वाहिनी तुटली. पुन्हा तिसरा टप्पा, पुन्हा बिघाड नसताना, पुन्हा जड भारामुळे.

या वेळी हेलकाव्यांचे केंद्र सरकले. आदल्या दिवशी ते उत्तर आणि पूर्व यांच्या सीमेवर होते, म्हणून उत्तर एकटी तुटली. मंगळवारी ते पूर्व विभागाच्या आत, पश्चिमेच्या सीमेजवळ पडले. राउरकेला-जमशेदपूर भागातल्या वाहिन्या तुटल्या. रांची आणि राउरकेलाकडचा थोडा भाग पश्चिम ग्रिडबरोबर राहिला आणि उत्तर, पूर्व, ईशान्य हे तिन्ही विभाग एकत्र बांधलेले, पश्चिमेपासून तुटलेले आणि तुटीत असलेले असे मागे उरले. उत्तरेची तूट आता पूर्व आणि ईशान्येलाही घेऊन बुडाली. काही क्षणांत सुमारे ४८,००० मेगावॉट भार गेला. नरोराचे अणुकेंद्र, दादरी आणि अंता इथली वायूवरची केंद्रे, कोलकात्याचा काही भाग, बोकारोचा पोलाद कारखाना अशी मोजकी बेटे वाचली.

दुपारी १ ते ३:३०

दिल्लीत मेट्रो बोगद्यात आणि पुलांवर थांबली. प्रवाशांना उतरवून चालत बाहेर काढावे लागले. रस्त्यांवरचे सिग्नल बंद होऊन वाहने अडकली. देशभरात तीनशेहून अधिक रेल्वेगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. रुग्णालये डिझेल जनित्रांवर गेली. पश्चिम बंगालमध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना घरी जायला सांगण्यात आले. बर्दवानच्या पट्ट्यात कोळसा खाणींचे पाळणे थांबले आणि सुमारे दोनशे कामगार जमिनीखाली अडकले. ज्यांनी काढलेल्या कोळशावर देशाची वीज चालते, तेच विजेअभावी खाली अडकले होते. त्यांना नंतर सुखरूप वर आणले गेले.

साठ कोटींचा आकडा जगभर छापून आला. त्यातले सगळे वीजग्राहक नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात जेमतेम ३७ टक्के आणि बिहारमध्ये अवघ्या १६ टक्के घरांत दिव्यासाठी वीज वापरली जात होती. त्या मंगळवारी बिहारच्या असंख्य खेड्यांत काहीच बदलले नाही. तिथे रोजच अंधार होता आणि त्याची बातमी कधी झाली नव्हती. ग्रिड कोसळण्याइतकीच ही गोष्टही लाजिरवाणी होती.

महाराष्ट्रात, गोव्यात, गुजरातमध्ये दिवे चालू राहिले. उत्तरेला जाणारी वीज एकाएकी अडल्यामुळे पश्चिम ग्रिडमध्ये वीज जास्त झाली आणि फ्रिक्वेन्सी ५१ हर्ट्झच्या वर गेली. निर्मिती उतरवून ते सावरले गेले. दक्षिणेला तालचेरहून कोलारकडे जाणारी मोठी वीज बंद झाली आणि तिथली फ्रिक्वेन्सी ४८.८८ पर्यंत घसरली. पण तिथे भार उतरवणारे स्वयंचलित रिले कामाला आले. थोड्या लोकांची वीज थोडा वेळ गेली आणि सबंध दक्षिण भारत वाचला. जी व्यवस्था उत्तरेत कागदावर होती, ती दक्षिणेत चालली. एवढ्या एका फरकाचे मोल किती, ते त्या दुपारी दिसले.

दुपारी ३:३० ते रात्री ९:३०

दुपारी साडेतीनपर्यंत रेल्वे, मेट्रो, विमानतळ यांचा पुरवठा बहुतांशी सुरू झाला. रात्री साडेनऊला तिन्ही विभाग पूर्ववत झाले. आदल्या दिवशीचा अनुभव ताजा असल्याने या वेळी साडेआठ तास लागले.

त्याच दिवशी केंद्रीय मंत्रिमंडळात फेरबदल झाले. शिंदे गृहमंत्री झाले आणि ऊर्जाखात्याची अतिरिक्त जबाबदारी वीरप्पा मोईली यांच्याकडे गेली. फेरबदलाची कारणे वेगळी होती. तरीही तीन विभाग बंद पडलेले असताना खात्याचा प्रमुख बदलावा, हे प्रशासन म्हणून चुकीचेच होते.

१६ ऑगस्ट २०१२

केंद्रीय वीज प्राधिकरणाचे अध्यक्ष ए. एस. बक्षी यांच्या नेतृत्वाखालील समितीने अहवाल दिला. तिने चार कारणे नोंदवली. विभागांना जोडणाऱ्या अनेक वाहिन्या एकाच वेळी बंद असल्याने जोड कमकुवत झाले होते. बिना-ग्वाल्हेर-आग्रा मार्गावर अतिरिक्त भार होता. उत्तरेतले जास्तीचे आणि पश्चिमेतले कमीचे उचलणे थांबवण्याच्या सूचनांना राज्य भारप्रेषण केंद्रांनी पुरेसा प्रतिसाद दिला नाही. आणि संरक्षण यंत्रणा बिघाड नसताना चालली.

या चारही कारणांत कुठे वीजकेंद्रांची कमतरता नाही. कोळशाचा तुटवडा नाही, निसर्गाचा कोप नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणात पश्चिमेचाही वाटा आहे, हे आपण मराठी वाचकांनी विसरू नये. आपले दिवे चालू राहिले म्हणजे आपला संबंध नव्हता, असे होत नाही.

त्यानंतर

अहवाल धूळ खात पडला नाही, हे समाधानाचे आहे. रिलेंच्या मांडणीची तपासणी झाली. वेळापत्रक मोडण्याचे नियम कडक झाले आणि २०१४ पासून फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचे बंधन आले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली आणि दक्षिणही एका लयीत आली. सोलापूरच्या माळावरून देशाचे ग्रिड एक झाले.

त्या शिस्तीची परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी झाली. टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे बंद ठेवण्याचे आवाहन होते. काही मिनिटांत मागणी सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली आणि तेवढीच परत चढली. २०१२ च्या पहाटे गेलेल्या भाराच्या तोडीचा हा धक्का होता. ग्रिड हलले नाही. कारण आधी ठरले होते कोणत्या जलविद्युत केंद्राने किती उतरायचे, वायूवरच्या संचांनी कधी सरसावायचे, आणि प्रत्येक राज्याने ते ठरल्याप्रमाणे केले. माणसे तीच होती आणि यंत्रेही बहुतेक तीच होती. फरक सूचना पाळण्याचा होता.

पण शिस्त एकदा लावून कायमची राहत नाही. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली आणि लोकल थांबल्या. पडघे-कळवा मार्गावरच्या वाहिन्या आधीच सेवेबाहेर होत्या, उरलेल्यांवर भार आला, आणि ग्रिडपासून सुटून मुंबईने स्वतःच्या केंद्रांवर तगून राहावे यासाठीची जुनी योजनाही त्या दिवशी कामी आली नाही. कमी वाहिन्या, जास्त भार आणि न चाललेली शेवटची तटबंदी. क्रम ओळखीचा होता.

आता काम अधिक नाजूक झाले आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २,५०,००० मेगावॉटपर्यंत पोचली. सौरऊर्जेची क्षमता २०२५ च्या सुरुवातीला १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. तिचा मोठा वाटा राजस्थान आणि गुजरातच्या कोरड्या भागांत आहे आणि सूर्य मावळतीला आला की ती वीज तासा-दोन तासांत नाहीशी होते. संध्याकाळच्या त्या वेळी कोयनेसारखी जलविद्युत केंद्रे, औष्णिक संच आणि लांबलांबच्या वाहिन्यांनी ती जागा भरायची असते. ही कसरत रोज करायची आहे, आणि २०१२ पेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

म्हणून वाचकांना एक विनंती. राज्यात नवे वीजकेंद्र जाहीर झाले, अमुक हजार मेगावॉट वाढले, अशा बातम्या आपण कौतुकाने वाचतो. तेवढ्याच नेटाने लोकप्रतिनिधींना आणि वीज कंपन्यांना विचारायला हवे : संरक्षण रिले शेवटचे कधी तपासले? भार उतरवणारी यंत्रणा खरोखर चालते का? भारप्रेषण केंद्राने दिलेली सूचना किती मिनिटांत पाळली जाते, आणि न पाळणाऱ्याचे काय होते? आपल्या भागात काही तासांचे भारनियमन झाले तर त्यामागचे कारण समजून घ्यायलाही शिकायला हवे, कारण ते टाळण्याच्या दबावाखालीच २०१२ मध्ये राज्यांनी मर्यादा ओलांडली. ३० जुलैचा अंधार रोखणे कदाचित कोणाच्या हातात नव्हते. ३१ जुलैचा रोखणे हातात होते. तो रोखला गेला नाही, याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही.